सुवासाला प्रवास सोसत नाही

पिकलेला आंबा, पॅशन फ्रूट, संत्र्याची साल, गुलाब असे वास येणारी बिअर आता पुण्या-मुंबईतही मिळू लागली आहे, आणि ती पहिल्यांदा नाकाशी नेणाऱ्याला एकच शंका येते: यात फळाचा रस घातलाय की इसेन्स? पुष्कळदा दोन्ही नसतं. पाणी, जवाचं माल्ट, थोडे ओट्स किंवा गहू, यीस्ट आणि हॉप्स एवढ्यावरच ती बनलेली असते, आणि वास हॉप्सचा असतो. हे उत्तर खरं आहे, पण पुरेसं नाही. हॉप्स तर वाइन शॉपमधल्या साध्या लागर बिअरमध्येही असतात आणि तिला आंब्याचा वास येत नाही. फरक जातीचा आहे, प्रमाणाचाही आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. हॉप्सच्या ताज्या फुलोऱ्यात हे वास, निदान त्यांची बीजं, मुळातच असतात. मळ्यापासून पेल्यापर्यंतच्या वाटेवर ते कुठे कुठे उडून जातात आणि कोण त्यांना जाऊ देत नाही, यावर सगळं ठरतं. माझं म्हणणं असं की फळाफुलांच्या वासाची बिअर ही केवळ एक नवी चव नाही. ती बिअर बनवण्याची आणि विकण्याची एक निराळी रीत आहे: जिथे प्यायची तिथल्या जवळ, थंड आणि लवकर. बिअरच्या मोठ्या उद्योगानं शंभर-दीडशे वर्षं नेमकी उलटी दिशा धरली होती. बिअर जास्तीत जास्त लांब जावी आणि जास्तीत जास्त दिवस टिकावी, या दिशेत सुवासाला जागा नव्हती.

हॉप्सचा वेल भांगेच्या कुळातला. नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बिअरला लागतो तो फक्त मादी वेलाचा फुलोरा: हिरवट, पापुद्र्यावर पापुद्रा रचलेला, अंगठ्याच्या पेराएवढा. थंडीत वेल जमिनीपर्यंत सुकतो, मुळं जिवंत राहतात आणि वसंतात फुटलेले कोंब एका हंगामात पाच-सहा मीटर उंचीच्या तारांवर चढतात. त्याला उन्हाळ्यात लांबलचक दिवस हवा असतो. म्हणून त्याची शेती प्रामुख्यानं ३५ ते ५५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यांत होते: बव्हेरियातलं हालरटाऊ, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं, झेक देशातलं झाटेक, इंग्लंडमधलं केंट, न्यूझीलंडमधलं नेल्सन. फुलोऱ्याचा पापुद्रा सोलला की बुडाशी पिवळी, चिकट धूळ दिसते. तिला लुपुलिन म्हणतात. बिअरवाल्याला हॉप्सकडून जे हवं असतं ते बहुतेक सगळं या धुळीत असतं, म्हणजे कडवट राळ आणि सुगंधी तेल. वाळलेल्या फुलोऱ्यात या तेलाचं प्रमाण साधारण अर्धा ते तीन टक्के.

पेच इथूनच सुरू होतो. राळेतली अल्फा आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत. माल्टच्या गोड पाण्यात, ज्याला वर्ट म्हणतात, ती तासभर खळखळा उकळावी लागतात. त्या उष्णतेत त्यांच्या रेणूची मांडणी बदलते, ती विरघळू लागतात आणि बिअरला तिचा कडवटपणा येतो. एवढं करूनही जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो. तेलाची गोष्ट अगदी विरुद्ध. अनेक अमेरिकी हॉप्सच्या तेलात निम्म्याच्या आसपास वाटा मिर्सिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्याचा उत्कलनबिंदू १६७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, तरी उकळत्या वर्टमधून ते वाफेबरोबर काही मिनिटांत निघून जातं. एकाच फुलोऱ्याकडून दोन गोष्टी हव्यात आणि एकीला जी उकळी लागते तीच दुसरीचा नाश करते. उकळी चालू असताना ब्रुअरीभर जो दरवळ सुटतो, तो बिअरमधून वजा झालेला वास असतो. शतकानुशतकं बिअरवाल्यांनी कडवटपणाच्या बाजूनं कौल दिला आणि त्याला सबळ कारण होतं. हॉप्सची आम्लं लॅक्टोबॅसिलससारख्या, बिअर आंबट करून टाकणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत. शीतकपाट नसलेल्या जगात हॉप्स हा आधी टिकाऊपणाचा उपाय होता. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही घालू नये असा नियम केला, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांसमोर आंब्याचा वास नव्हता.

तेल वाचवायचं तर हॉप्स उशिरा घालायचे. भाजी चुलीवरून उतरवताना कोथिंबीर घालतात तसंच. उकळी थांबली की वर्ट गोल फिरवत त्यातला गाळ मध्यभागी बसवतात, त्याला व्हर्लपूल म्हणतात. वर्टचं तापमान ८० अंशांच्या आसपास उतरवून या टप्प्यावर हॉप्स घातले तर कडवटपणा बेताचा येतो आणि तेल बरंचसं आत राहतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ड्राय हॉपिंग. आंबवण संपत आल्यावर किंवा संपल्यावर, उष्णतेचा स्पर्शही न होऊ देता, हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या थेट टाकीतल्या बिअरमध्ये सोडतात. तेल उतरायला फार वेळ लागत नाही. बिअर हलती ठेवली तर एक-दोन दिवसांत बहुतेक काम होऊन जातं. त्यापुढे हॉप्स तसेच पडू दिले तर गवताचा, पाल्याचा वास वाढत जातो.

आता त्या पहिल्या शंकेकडे वळू. फळ नाही, तरी फळाचा वास खरा कसा? याचं उत्तर असं की वास फळाच्या मालकीचा नसतोच. लिनालूल हे फुलांच्या वासाचं द्रव्य हॉप्सच्या तेलात असतं आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या धण्यांच्या तेलातही सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. जिरॅनिऑल गुलाबात असतं, हॉप्समध्ये असतं आणि रोशा गवतात तर भरपूर असतं. खानदेशाच्या जंगलांत वाढणाऱ्या या गवताचं तेल काढून ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेनं तुर्कस्तानाकडे जात असे आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जात असे. भल्याभल्यांना ती भेसळ ओळखू येत नसे, कारण द्रव्य तेच होतं. हापूसचंही असंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या वासाचं पृथक्करण केलं, तेव्हा त्यात ओसिमीन या द्रव्याचं वर्चस्व दिसलं. हेही टर्पीन वर्गातलं, हॉप्सच्या तेलातही सापडणारं. वनस्पतींकडे वासाची द्रव्यं बनवण्याचे मार्ग मोजकेच आहेत आणि त्याच मार्गांनी वेगवेगळ्या वनस्पती वेगवेगळ्या मेळाची द्रव्यं बनवतात. म्हणून हॉप्सच्या बिअरमधला आंब्याचा भास हा फसवणुकीचा प्रकार नाही. उलट बिअरमध्ये आंब्याचा रस ओतणं हाच आंब्याचा वास मिळवण्याचा तोट्याचा मार्ग आहे. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, आंबवणीत सुटणारा कार्बन डायऑक्साइड वासाची द्रव्यं बरोबर घेऊन जातो आणि मागे राहतो तो बऱ्याचदा पातळ आंबटपणा.

मग इतकी वर्षं हा वास कुणाला हवासा का वाटला नाही? तो ठाऊक होता आणि नाकारला गेला होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अमेरिकेतून हॉप्स येत असत, पण त्यांचा ब्लॅककरंटसारखा, मांजराच्या मुताकडे झुकणारा उग्र दर्प इंग्लिश बिअरवाल्यांना सहन होत नसे. १९०६ साली केंटमधल्या वाय कॉलेजात अर्नेस्ट स्टॅन्ली सॅमन यांनी हॉप्सच्या संकराचं काम हाती घेतलं. १९१६ मध्ये त्यांच्याकडे कॅनडाच्या मॅनिटोबातल्या मॉर्डनहून जंगली हॉप्सचं एक रोप आलं. त्याच्या बियांपासून निघालेल्या रोपांतलं एक पुढे १९३४ मध्ये ‘ब्रुअर्स गोल्ड’ नावानं प्रसिद्ध झालं. त्यात कडू आम्लांचं प्रमाण इंग्लिश जातींपेक्षा पुष्कळ जास्त होतं आणि आजच्या जोमदार कडू जातींपैकी अनेकींच्या वंशावळीत त्याचं रक्त आहे. पण त्याच्या वासावर ‘अमेरिकी’ असा शिक्का बसला आणि तो दोष मानला गेला. कडवटपणासाठी ते घ्यायचं, आधी घालून खूप उकळायचं, म्हणजे वास आपोआप जातो, असा व्यवहार ठरून गेला. हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. ज्या वासांसाठी आज लोक रांगा लावतात, त्यांच्याच जवळच्या नात्यातले वास तेव्हा उकळून काढून टाकायचे होते. म्हणजे वनस्पतीत नव्हे, तर तिच्याकडे पाहणाऱ्यांत बदल व्हावा लागला.

तो बदल घडला अमेरिकेत, आणि तोही आडवळणानं. ऑरेगनमधल्या कॉर्व्हॅलिस इथे सरकारी संकर कार्यक्रमात १९५६ मध्ये गोळा केलेल्या बियांपासून एक रोप तयार झालं. त्याच्या पूर्वजांत इंग्लंडची फगल आणि रशियाची सेरेब्रियांका होती. ते कित्येक वर्षं नुसतं नोंदवहीत होतं. दरम्यान जर्मनीतल्या हालरटाऊच्या जुन्या, नाजूक जातीवर मर रोग आला, तिचे भाव चढले आणि अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या देशी पर्याय शोधू लागल्या. १९७२ मध्ये हे रोप ‘कॅस्केड’ या नावानं शेतकऱ्यांच्या हाती आलं आणि कूर्ससारख्या बलाढ्य कंपनीनं ते घेतलं, ते जर्मन हॉप्सची जागा भरून काढण्यासाठी. त्याचा ग्रेपफ्रूटसारखा, फुलांचा वास त्याचा स्वतःचा आहे हे ओळखून तो पुढे आणला लहान ब्रुअरींनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं १९७५ मध्ये काढलेली लिबर्टी एल आणि कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडानं १९८० मध्ये काढलेली पेल एल, या दोन बिअरींनी कॅस्केडला केंद्रस्थानी आणलं. जपानच्या सोराची एसची कथा तर याहून बोलकी आहे. सप्पोरो कंपनीनं १९८४ मध्ये होक्काइदोत ही जात काढली. तिला लिंबाच्या सालीचा लखलखीत वास होता, आणि कदाचित म्हणूनच ती मुख्य प्रवाहातल्या लागरमध्ये खपेना. वीसेक वर्षांनी याकिमाच्या शेतकऱ्यांनी आणि लहान ब्रुअरींनी तिला बाहेर काढलं. नव्या सहस्रकाच्या तोंडावर न्यूझीलंडनं नेल्सन सॉव्हिन आणली, आणि १९९० मधल्या संकरातून निघालेली सिट्रा बाजारात यायला २००७-०८ उजाडलं. आज पॅशन फ्रूट, लिची, आंबा ही वर्णनं सहज कानावर पडतात ती बहुतांशी या जातींमुळे.

जातींची नावं घेऊन थांबलो तर मात्र गोष्ट अर्धीच राहते, कारण हॉप्स जसेच्या तसे बिअरमध्ये उतरत नाहीत. यीस्ट त्यांच्यावर काम करतं. आंबवण चालू असताना यीस्ट जिरॅनिऑलचं काही अंशी सिट्रोनेलॉलमध्ये रूपांतर करतं, म्हणजे गुलाबाकडून लिंबाकडे झुकवतं. सप्पोरोच्या संशोधकांनी हे तपशिलात दाखवलं आणि आणखी एक गोष्ट पुढे आणली: लिनालूल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही तीन द्रव्यं एकत्र असली की ती सुटी असताना जेवढी जाणवतात त्यापेक्षा जास्त जाणवतात. गंधकाची संयुगं तर याहून विलक्षण. थायॉल गटातली ही द्रव्यं पॅशन फ्रूट, पेरू, ग्रेपफ्रूट यांच्या वासामागे असतात आणि बिअरमध्ये ती एका लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्या प्रमाणातही ओळखू येतात. एका लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे १०० कोटी लिटरांत एक ग्रॅम. हॉप्समध्ये आणि जवातही यांचा मोठा साठा अमिनो आम्लांशी बांधलेल्या, बिनवासाच्या रूपात असतो. तो सोडवण्याची कुवत काही यीस्टमध्ये असते, बहुतेकांत फार थोडी. त्याच हॉप्सचे तेवढेच ग्रॅम घेऊन दोन ब्रुअरींनी दोन यीस्ट वापरली, तर एकीच्या पेल्यात पेरू येईल आणि दुसरीच्या पेल्यात येणार नाही.

जागेचा प्रश्नही इथेच येतो. असाही या बिअर कंपनीच्या जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या हॉप्समधलं ‘४एमएमपी’ नावाचं थायॉल मोजलं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या काही जातींत ते सापडलं, युरोपातल्या हॉप्समध्ये जवळजवळ नव्हतं. एक कारण वंशाचं, दुसरं फवारणीचं. युरोपात केवडा रोगावर तांब्याची औषधं फवारण्याची जुनी पद्धत आहे आणि तांबं थायॉलला धरून निष्प्रभ करतं. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या नाशिकच्या शेतकऱ्याला हे तांबं परिचयाचं आहे, आणि वाइनवाल्यांनाही सॉव्हिनियाँ ब्लाँ द्राक्षाच्या बाबतीत हाच अनुभव आलेला आहे. तोडणीचा दिवसही असाच निर्णायक असतो. लवकर तोडलेले हॉप्स हिरवे, गवताळ लागतात. पक्व होताना तेल वाढतं, फळाचे वास उमलतात. आणखी रेंगाळलं की काही जातींत कांदा-लसणाचा वास शिरतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ब्रुअरीची माणसं याकिमाला जाऊन, एकाच जातीच्या वेगवेगळ्या मळ्यांचे फुलोरे तळहातावर चोळून, वास घेऊन खरेदी करतात. तोडलेल्या फुलोऱ्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. भट्टीत गरम हवेनं ते आठ-दहा टक्क्यांवर आणतात. तिथेही जास्त तापवलं की काम लवकर उरकतं आणि तेल उडतं. प्रत्येक पायरीवर घाईचा मोबदला वासानं चुकवावा लागतो.

बाटलीत भरल्यावर तर घड्याळ आणखी जोरात धावतं. प्राणवायूचा अंश जरी आत राहिला तरी थायॉल नाहीसे होतात आणि केशरी-पिवळी दिसणारी बिअर तपकिरी पडते. म्हणून दक्ष ब्रुअरी पॅकिंगच्या वेळी विरघळलेला प्राणवायू अब्जांश भागांत मोजतात. प्रकाश लागला की हॉप्सची कडू द्रव्यं मोडून स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखं एक गंधक-संयुग तयार होतं. तपकिरी काच त्याला बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही. बाटलीच्या बुचाच्या आतलं अस्तरसुद्धा मिर्सिन शोषून घेतं. आणि या सर्वांवर तापमानाचं राज्य आहे: दर दहा अंशांनी रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पाच अंशांवर दोन महिने नीट राहणारी बिअर मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या गोदामात आठवडाभरातच म्हातारी होते.

इथे मुंबईचा उल्लेख करायलाच हवा. इंडिया पेल एल (आयपीए) या नावामुळे एक समजूत रूढ झाली आहे की हॉप्सच्या सुवासाची बिअर हिंदुस्थानच्या प्रवासासाठी शोधली गेली. इतिहासकारांनी ती बरीच दुरुस्त केली आहे. फिकट रंगाची हॉप्सवाली बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती. पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीतून ती अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढत होती आणि १८२०च्या दशकात बर्टन गावचे बिअरवाले या व्यापारात उतरले. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांनी ती पिंपं मुंबई, मद्रास, कलकत्त्याला लागत. पिंपात मूठभर सुके हॉप्स टाकलेले असत, ते बिअर आंबू नये म्हणून. हॉप्सनी आपलं टिकवण्याचं काम चोख केलं. पण ज्या नाजूक वासांबद्दल आपण बोलतो आहोत ते उष्णतेतल्या त्या महिन्यांनंतर ताजे उरले असतील असं मानायला रसायनशास्त्र कुठलाही आधार देत नाही. मुंबईत उतरलेली बिअर कडवट होती, मुरलेली होती, पिण्याजोगी होती. आजच्या अर्थानं ती फळाफुलांची नव्हती. लांबचा प्रवास हा या शैलीचा उगम नाही, तर तिला न झेपणारी गोष्ट आहे.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं. वॉटरबरी गावातल्या द अल्केमिस्ट या पबमध्ये जॉन किमिच हे हेडी टॉपर नावाची गढूळ, हॉप्सनं भरलेली बिअर विकत. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात तो पब बुडाला. त्यांची कॅनबंद करण्याची छोटी जागा मात्र वाचली आणि काही दिवसांतच तिथून बिअर बाहेर पडू लागली. ती थंडच राहावी, ताजीच प्यावी आणि जवळच विकावी, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. माणसं बिअरकडे गाड्या हाकत गेली. या वळणाच्या बिअरींना पुढे न्यू इंग्लंड आयपीए हे नाव पडलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशननं ‘ज्यूसी किंवा हेझी’ असा स्वतंत्र वर्गच मान्य केला. त्यांचा गढूळपणा ओट्स आणि गव्हातली प्रथिनं हॉप्सच्या द्रव्यांशी जोडली गेल्यानं येतो. गाळून स्वच्छ करण्याचा अट्टहास सोडला, हेही वास न गमावण्याच्या रीतीतच बसतं.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा की हा सारा हॉप्सच्या उधळपट्टीचा खेळ आहे. जास्त घाला, जास्त वास येईल. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते या शैलीविरुद्ध जात नाही, तिच्या वाईट नमुन्यांविरुद्ध जातं. ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत टॉम शेलहॅमर यांच्या प्रयोगशाळेनं कॅस्केड हॉप्सचं प्रमाण पायरीपायरीनं वाढवत ड्राय हॉपिंग केलं. लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे सुवासाची वाढ मंदावली आणि उलट फळाचा वास मागे पडून चहापत्ती-पाल्याचा वास वर आला. जास्त हॉप्सचा आणखी एक उपद्रव आहे. त्यांतली विकरं बिअरमधल्या न आंबणाऱ्या शर्करा मोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं, मद्यार्क आणि वायू वाढतो, बाटली फेसाळते, कधी लोण्यासारखा दोषवास येतो. होरेस ब्राउन आणि हॅरिस मॉरिस यांनी हे १८९३ मध्येच लिहून ठेवलं होतं. सव्वाशे वर्षांनी, हॉप्सचं प्रमाण बेसुमार वाढल्यावर, ते नव्यानं शोधावं लागलं. मोजून घालणारा बिअरवाला आणि ओतत सुटणारा बिअरवाला यांच्यातला फरक प्रयोगशाळेत मोजता येतो, ही समाधानाची गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप: द्रव्यंच ती, तर कारखान्यात बनवून थेंब टाका. इतका खटाटोप कशाला? हॉप्सच्या तेलाचे अर्क बाजारात आहेत आणि ते वापरण्यात अनैतिक काही नाही. पण तीन द्रव्यांच्या मेळाची जी गोष्ट वर आली, तीच इथे आडवी येते. हॉप्सच्या तेलात शेकडो घटक असतात, यीस्ट त्यांच्यातले काही बदलतं, काही सोडवतं आणि पेल्यातला वास हा त्या सगळ्यांच्या परस्पर प्रमाणातून उभा राहतो. दोन-चार घटकांचं मिश्रण पहिल्या घोटाला हुबेहूब वाटतं आणि तिसऱ्या घोटापर्यंत एकसुरी होतं. शिवाय अर्कही प्राणवायू आणि उष्णतेपुढे तेवढाच हतबल असतो. घड्याळातून त्याची सुटका नाही.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. महाराष्ट्रात हॉप्स पिकत नाहीत. आपला सर्वांत मोठा दिवस तेरा-साडेतेरा तासांचा, त्यात हा वेल नीट फुलत नाही. भारतात त्याची शेती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात थोडीफार झाली, ती फार पसरली नाही. मग याकिमाहून हॉप्स मागवून पुण्यात बिअर करणं ही ‘जवळची’ गोष्ट कशी? इथे वजनं पाहायला हवीत. लिटरला आठ ग्रॅम या भरघोस मापानंही १,००० लिटर बिअरच्या ड्राय हॉपिंगला आठ किलो हॉप्स लागतात. दळून, गोळ्या करून, नायट्रोजन भरलेल्या हवाबंद पाकिटात गोठवून ठेवलेले हॉप्स समुद्र ओलांडूनही आपला वास बराचसा राखतात. तयार बिअर राखत नाही, आणि ती आणायची म्हणजे मुख्यतः पाणी आणायचं, तेही थंड. तेव्हा हॉप्सनी प्रवास करावा आणि बिअरनं करू नये, हाच हिशोब चवीच्याही बाजूनं पडतो आणि इंधनाच्याही. २००९ मध्ये पुण्यात डूलालीनं सुरुवात केल्यापासून राज्यात ज्या मायक्रोब्रुअरी उभ्या राहिल्या, त्यांच्याकडे या शैलीसाठी लागणारी मुख्य गोष्ट आपोआपच आहे: टाकीपासून पेल्यापर्यंत काही मीटरचं अंतर.

एक आक्षेप चवीच्या पलीकडचा आहे. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी असलेल्या, दारूनं मोडलेले संसार पाहिलेल्या राज्यात बिअरच्या सुवासावर इतकं लिहावं का? मद्यार्काचं नुकसान सुवासानं कमी होत नाही, आणि गोड, फळासारखा वास नवख्याला घोट मोठा घ्यायला लावतो हेही खरं आहे. पण हॉप्सचा सुवास मद्यार्काला बांधलेला नाही, ही या विषयातली आशेची बाजू आहे. हेच ड्राय हॉपिंग बिनमद्यार्काच्या बिअरमध्ये करतात आणि थंड सोड्यात हॉप्स भिजवून केलेलं पेयही अमेरिकेत विकलं जातं. आपल्याकडची बिअरची बाजारपेठ मात्र मुख्यतः ‘स्ट्राँग’ लागरवर उभी आहे. तिथे बाटलीची किंमत तिच्यातल्या मद्यार्काच्या टक्क्यांनी जोखली जाते आणि वासाचा विचार कुणी करत नाही. नाकानं प्यायची सवय लागलेला माणूस कमी पिईल अशी हमी मी देणार नाही. टक्क्यांशिवाय दुसरं काही मोजण्याजोगं आहे, एवढं तरी त्याला कळतं.

आज अडतं ते ब्रुअरीच्या दाराबाहेर. हॉप्सची बिअर कॅनमध्ये भरून दुकानात गेली की ती साध्या लागरच्याच फळीवर, खोलीच्या तापमानात, ट्यूबलाइटखाली उभी राहते आणि तिच्यावर छापलेली मुदत सहा-सहा महिन्यांची असते. ती मुदत बिअर पिण्याजोगी राहण्याची आहे, वासाची नाही. ब्रुअरींनी भरण्याची तारीख ठळक छापावी, वासाची म्हणून वेगळी, आठ-दहा आठवड्यांची मुदत द्यावी आणि वितरकाकडे शीतगृह नसेल त्या शहरात ही बिअर पाठवूच नये. मोठी टाकी एकदा भरण्यापेक्षा लहान टाकी दोनदा भरावी. गिऱ्हाइकानं कॅन उचलताना नावाआधी तारीख पाहावी आणि ज्या दुकानात तो शीतकपाटाबाहेर ठेवला असेल तिथे तो फळीवरच राहू द्यावा.